जंगलाचा पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो?

राज्याच्या अर्थसंकल्पात ‘०४०६’ या क्रमांकाचे एक लेखाशीर्ष असते. ‘वनीकरण आणि वन्यजीवन’ असे त्याचे नाव असून लाकूड, बांबू, तेंदूपत्ता आणि इतर वनोपज विकून शासनाला मिळणारे उत्पन्न त्याखाली जमा होते. खर्चासाठी २४०६ हे वेगळे शीर्ष आहे. राज्याच्या एकूण महसुलात ०४०६चा वाटा इतका किरकोळ असतो, की अर्थसंकल्पाच्या दिवशी त्याच्यावर कोणी चर्चा करत नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या गोंड किंवा माडिया कुटुंबाच्या हातात पेरणीच्या तोंडावर किती रोकड असेल, हे मात्र अनेक दशके याच शीर्षाच्या आगेमागे असलेल्या नियमांनी ठरवले. शासनाच्या दृष्टीने जी रक्कम नगण्य होती, तीच त्या कुटुंबाच्या वर्षभरातल्या रोख कमाईचा मोठा भाग होती.

वनांत राहणाऱ्या लोकांच्या उपजीविकेविषयी बोलताना आपण बहुधा योजना, अनुदाने आणि लाभार्थी यांच्याबद्दल बोलतो. पण ‘शासनाने किती दिले’ या प्रश्नाच्या आधी ‘जंगलातून निघालेला पैसा पहिल्यांदा कोणाच्या खात्यात गेला’ हा प्रश्न विचारावा लागतो, कारण पैसा ज्याच्या खात्यात प्रथम येतो त्याच्याच हाती जंगलाचा निर्णय राहतो. तेंदू, बांबू, भरपाईचा निधी, करांतील वाटा आणि आदिवासी विकासाचा निधी असे या पैशाचे निरनिराळे प्रवाह आहेत. ते समजून घेण्यासाठी गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे सर्वांत सोयीचे आहेत, कारण जुनी व्यवस्था आणि तिला मिळालेले आव्हान या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी पाहता येतात.

सवलत आणि हक्क

ब्रिटिशांनी १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाला पहिला वन महानिरीक्षक नेमले, १८६५ साली पहिला वन कायदा केला आणि १८७८च्या कायद्याने राखीव व संरक्षित वनांची विभागणी पक्की केली. त्या काळी रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते, आणि ते सतत मिळत राहावेत अशी व्यवस्था उभी करायची होती. या व्यवस्थेतून उभे राहिलेले वन खाते महसूल मिळवून देणारे खाते होते, आणि खर्च वजा जाता किती शिल्लक उरली यावर त्याचे यश मोजले जाई. आजही लागू असलेला १९२७चा भारतीय वन अधिनियम हा याच परंपरेतला आहे. वनोपज कशाला म्हणायचे, ती कोणी वाहून न्यायची, तिच्यावर कोणती आकारणी करायची आणि विनापरवाना नेल्यास काय शिक्षा करायची, हे त्याचे मुख्य विषय आहेत.

गावकऱ्यांसाठी विदर्भात निस्तार ही सोय राहिली. जळाऊ लाकूड, घरासाठी आणि नांगरासाठी लागणारे किरकोळ लाकूड, गुरांची चराई आणि कुंपणाचे काटे या घरगुती गरजा भागवण्याची ती मुभा होती. ती घरापुरती होती. जंगलातली वस्तू विकून कमावण्याचा अधिकार तिच्यात नव्हता, आणि दिलेली मुभा आकसून घेण्याची वाट शासनाला नेहमीच मोकळी होती. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची वने शासनाकडे आली, तरी गावाचे स्थान फारसे बदलले नाही. कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू देण्यात आला. कर्नाटकातल्या अशाच एका व्यवहाराबद्दल माधव गाडगीळ यांनी वेळोवेळी लिहिले आहे. तिथे कारखान्याला टनामागे दीड रुपया या दराने बांबू मिळत होता, आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडांना तोच बांबू बाजारात टनाला हजार रुपयांहून अधिक दराने घ्यावा लागत होता. शासनाने उद्योगाला दिलेले ते अनुदानच होते. फक्त ते अर्थसंकल्पातून गेले नाही, म्हणून अनुदानांच्या कोणत्याही यादीत दिसले नाही.

१९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने भाषा बदलली. पर्यावरणीय समतोल हे मुख्य उद्दिष्ट ठरले, वनांतून थेट आर्थिक लाभ मिळवण्याला दुय्यम स्थान मिळाले, आणि वनोपजेवर पहिला हक्क वनांत व वनांलगत राहणाऱ्यांच्या गरजांचा राहील असे धोरणात लिहिले गेले. हिशेबाच्या वह्या मात्र जुन्याच राहिल्या. तेंदूचे लिलाव शासनच करत होते, बांबू शासनच विकत होते, आणि १९७४ साली स्थापन झालेले वनविकास महामंडळ नैसर्गिक मिश्र जंगल तोडून सागाची लागवड करण्याचे काम करत होते. धोरणात काय लिहिले आहे यापेक्षा कोणत्या खात्याचे उत्पन्न कशावर अवलंबून आहे, हे पाहिले की प्रत्यक्षात काय होईल याचा अंदाज अधिक अचूक येतो, असे मला वाटते.

तेंदूच्या पुडक्याचा हिशेब

उरलेल्या महाराष्ट्रात ज्याला टेंभुर्णी म्हणतात, तेच हे तेंदूचे झाड. त्याच्या पानात तंबाखू गुंडाळून बिडी वळली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते, कारण छाटलेल्या खुंटाला येणारे कोवळे पान बिडीला चांगले असते. एप्रिलअखेरीस आणि मे महिन्यात सारे घर पहाटेच जंगलात जाते, दुपारी अंगणात बसून ७०-७० पानांची पुडकी बांधते आणि संध्याकाळी ती गावच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देते. अशा १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने असतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो, आणि एक चांगली गारपीट त्यातली निम्मी पाने घेऊन जाते.

महाराष्ट्रात १९६९च्या वनोपज व्यापार विनियमन कायद्याने हा व्यापार शासनाच्या हाती आला. जंगलाची घटकांत विभागणी करायची, प्रत्येक घटकाचा लिलाव करायचा आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्या ठेकेदाराला तिथली पाने द्यायची, अशी पद्धत होती. तिच्यात पैशाचे दोन भाग होत. पाने तोडणाऱ्याला पुडक्यांच्या हिशेबाने मजुरी मिळे, आणि पानांची किंमत म्हणून ठेकेदार स्वामित्वशुल्क भरे, ज्याला सगळे जण रॉयल्टीच म्हणतात. रॉयल्टी शासनाकडे जाई. पुढे तिच्यातून प्रशासकीय खर्च वजा करून उरलेली रक्कम ‘प्रोत्साहनार्थ मजुरी’ म्हणून संकलकांना देण्याची व्यवस्था आली, बोलीभाषेत बोनस. ही सुधारणा मोठीच होती. तरीही बोनस किती, तो केव्हा मिळणार आणि त्यातून किती खर्च कापला जाणार, हे मंत्रालयातून येणाऱ्या शासन निर्णयावर अवलंबून होते, आणि मे महिन्यात तोडलेल्या पानांचा बोनस हातात यायला दुसरा हंगाम उजाडे.

२००६च्या वन हक्क कायद्याने नेमके काय बदलले, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका गावात २०० गोणी पाने जमली आणि व्यापाऱ्याने गोणीला १०,००० रुपये देऊ केले; त्यातले ४,००० मजुरीचे व ६,००० रॉयल्टीचे. मजुरीचे ८ लाख रुपये दोन्ही व्यवस्थांत गावातच येतात. फरक उरलेल्या १२ लाखांचा आहे. जुन्या व्यवस्थेत ते आधी शासनाकडे जातात आणि कापाकापी होऊन, बऱ्याच उशिराने परत येतात. नव्या व्यवस्थेत ग्रामसभा स्वतः विक्रेती असते, त्यामुळे ते थेट तिच्या बँक खात्यात येतात. ग्रामसभेने त्यातले १० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार रुपये, जाळरेषा काढणे, वणवा विझवणे आणि जंगलाची राखण यांसाठी ठेवले, तर १० लाख ८० हजार रुपये संकलकांना वाटता येतात, म्हणजे गोणीमागे ५,४०० रुपये. आकडे काल्पनिक असले तरी हिशेबाची रीत खरी आहे. यातली महत्त्वाची गोष्ट रकमेपेक्षाही त्या १० टक्क्यांत आहे, कारण किती टक्के ठेवायचे आणि कशावर खर्चायचे, हे गावाच्या बैठकीत ठरते.

कायद्याने ही गोष्ट टप्प्याटप्प्याने शक्य झाली. १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने, गौण वनोपजेची मालकी ग्रामसभांकडे देण्याची तरतूद केली. पण महाराष्ट्राने १९९७ साली त्यासाठी केलेल्या कायद्यात तेंदू आणि आपटा वगळले, म्हणजे ज्या पानांना खरा भाव होता तीच वगळली. हा अडसर २०१४ साली राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून काढलेल्या अधिसूचनेने दूर झाला. त्याआधी २००६चा वन हक्क कायदा आला होता. त्याने गौण वनोपजेच्या व्याख्येत बांबू आणि तेंदूची नावे घेतली, ती गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क दिला, आणि सामूहिक वनहक्काखाली आलेल्या जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले आहेत. २०१३च्या सुमारास गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः पुकारायला सुरुवात केली, आणि कोरचीसारख्या तालुक्यांत ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभ्या केल्या, कारण एकेकट्या गावापुढे व्यापारी नेहमीच वरचढ ठरतो.

या साऱ्या हिशेबात आणखी एक न लिहिलेली वजावट होती, तिचाही उल्लेख करायला हवा. नक्षलवादी गट तेंदूच्या ठेकेदारांकडून वसुली करत आले, आणि ठेकेदार ती आपल्या बोलीत आधीच धरून चाले. त्या वसुलीचा भारही अखेर पाने तोडणाऱ्याच्याच दरावर पडत होता.

बांबूची कथा आणि पाचगावचा नकार

तेंदूपेक्षा बांबूचा वाद अधिक चिवट ठरला. १९२७च्या कायद्यातील ‘झाडा’च्या व्याख्येत बांबू होता, आणि तो झाड असेल तर लाकूड म्हणून शासनाचा होता, २००६च्या कायद्यात मात्र तो गौण वनोपज होता आणि म्हणून गावाचा होता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर नेऊन विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार वन खात्याकडे होता. विकायचा हक्क आहे पण रस्त्यावर आणायचा हक्क नाही, अशी ही अवस्था होती. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी ती गोष्ट लावून धरली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१२ साली वन हक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळण्याची दुरुस्ती २०१७ साली अध्यादेशाने झाली, तिचा फायदा वनक्षेत्राबाहेर, शेतात बांबू लावणाऱ्यांना झाला.

परवान्याचे पुस्तक ही सामान्य कार्यालयीन वस्तू वाटते. सरकारी वित्तव्यवहाराच्या दृष्टीने ती महसूल गोळा करण्याची किल्ली असते. ज्याच्याकडे परवाना देण्याचा अधिकार, तो रॉयल्टी भरल्याची पावती मागू शकतो, माल अडवू शकतो आणि दंड करू शकतो. म्हणूनच कायदा झाल्यापासून ते पुस्तक गावात यायला चार वर्षांहून अधिक काळ लागला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. या गावाने बांबूची तोड आणि विक्री स्वतः करायला घेतली, आणि त्यातून गावातच रोजगार उभा राहिला. त्यानंतर त्याने असा एक निर्णय घेतला, जो ०४०६ या लेखाशीर्षाला कधीच घेता आला नसता: तेंदूपत्ता तोडायचाच नाही. चांगल्या पानांसाठी झुडपे छाटली जातात, फांद्या तोडल्या जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. त्यात झाडांची वाढ खुंटते आणि खाण्याची तेंदूफळेही जातात, असा गावाचा विचार होता. जंगलाचा काही भाग त्यांनी कोणतीही तोड न करता राखूनही ठेवला आहे. वार्षिक महसुलाचे उद्दिष्ट गाठायचे असलेले खाते हंगामाचे उत्पन्न सोडू शकत नाही. पाचगावला ते सोडता आले, कारण बांबूचा पैसा स्वतःच्या खात्यात होता आणि उद्याचे जंगलही स्वतःचेच होते. सगळ्याच ग्रामसभा इतक्या विचाराने वागतात, असे कोणी म्हणणार नाही. काही ठिकाणी गावातली दोन-चार माणसे ठेकेदाराशी परस्पर बोलणी करतात आणि बैठकीचा ठराव मागाहून लिहिला जातो. पण असा कारभार उघड करण्याची संधी तरी गावाजवळ असते. मुंबईत ठरलेला प्रशासकीय खर्च तपासण्याची सोय गावाला कधीच नव्हती.

जंगल गेल्यावर मिळणारा पैसा

आतापर्यंत उभ्या जंगलातून निघणाऱ्या पैशाबद्दल बोललो. खाण, धरण किंवा रस्त्यासाठी जंगल वळते केले जाते तेव्हा कितीतरी मोठा पैसा निर्माण होतो, आणि त्याचा मार्ग अगदी निराळा आहे.

जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्याच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवून दिले, की वनजमीन वापरणाऱ्याने पर्यायी वनीकरणाच्या खर्चाशिवाय त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ही भरले पाहिजे. याचा अर्थ असा, की ते जंगल राहिले असते तर पुढच्या अनेक वर्षांत त्याने समाजाला जे दिले असते, त्याची आजच्या रुपयांतली किंमत. २००८ साली हे दर जंगलाचा प्रकार व घनता पाहून हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंत ठरले, आणि २०२२ साली ते वाढवण्यात आले. हे मूल्य काढताना लाकूड, जळण, चारा, पाणी, कार्बन यांच्याबरोबर मोहफूल, तेंदू, मध, डिंक अशा लाकडाव्यतिरिक्त वनोपजेचीही किंमत धरण्याचा विचार झाला. म्हणजे वनवासी कुटुंबे जे गोळा करतात आणि ज्यावर कायद्याने त्यांची मालकी आहे, त्याची किंमत प्रकल्पाकडून वसूल होते. वसूल झालेली रक्कम मात्र त्या कुटुंबांकडे जात नाही.

ती कुठे जाते? पर्यायी वनीकरण निधीत, ज्याला सगळे ‘कॅम्पा’ म्हणून ओळखतात. न्यायालयाच्या देखरेखीखाली हा पैसा वर्षानुवर्षे साचत राहिला. २०१६ साली त्यासाठी कायदा झाला, २०१८ साली तो लागू झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,००० कोटींहून अधिक रुपये सुपूर्द केले. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३,८४४ कोटी होता आणि ओडिशाचा त्याहून बराच मोठा. कायद्याप्रमाणे ९० टक्के रक्कम राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे राहते.

इथे अर्थसंकल्पाची एक तांत्रिक बाब समजून घ्यावी लागते. कर आणि महसूल सामान्यतः एकत्रित निधीत जमा होतात आणि त्यांतला न खर्चलेला पैसा वर्षअखेरीस व्यपगत होतो, म्हणजे तो खर्चण्याची मंजुरी संपते. कॅम्पाचा पैसा लोकलेख्यात, म्हणजे एकत्रित निधीबाहेरच्या वेगळ्या खात्यात, ठेवला जातो, तो व्यपगत होत नाही आणि त्याच्यावर व्याजही मिळते. शासनाच्या दृष्टीने हा निधी सुरक्षित आहे, ही चांगली गोष्ट. पण तो खर्च करण्याच्या वार्षिक योजना वन खात्याची यंत्रणा बनवते. नियमांत ग्रामसभेशी सल्लामसलतीचा उल्लेख आहे, खर्चाचा निर्णय करण्याचा अधिकार तिला दिलेला नाही. त्यामुळे असे प्रसंग घडतात, की एका गावाच्या सामूहिक हक्काच्या जंगलात, गावाने चराईसाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, दुसऱ्याच ठिकाणच्या खाणीच्या भरपाईतून रोपवन उभे राहते आणि त्याला कुंपण पडते. वनीकरणाच्या खात्यात तो खर्च यश म्हणून नोंदला जातो. गावाच्या गुरांना मात्र फिरून जावे लागते. ज्या ग्रामसभांकडे सामूहिक हक्क आहेत आणि व्यवस्थापन आराखडे तयार आहेत, त्यांना या निधीतला ठरावीक हिस्सा थेट द्यावा, ही मागणी म्हणूनच जुनी आहे, आणि ती मान्य करायला कोणतीही आर्थिक अडचण नाही, कारण पैसा आहेच.

गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या सुरजागडसारख्या खाणक्षेत्रांत आणखी एक प्रवाह असतो: खाण कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने आलेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणमालक राज्याला देतो त्या रॉयल्टीच्या १० किंवा ३० टक्के इतकी जास्तीची रक्कम, खाणपट्टा केव्हा व कसा मिळाला त्यानुसार, त्याला या प्रतिष्ठानात भरावी लागते, आणि ती खाणबाधितांसाठी वापरायची असते. तिचेही निर्णय जिल्हास्तरावर होतात.

राज्याला मिळते, गावाला मिळत नाही

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेला एक प्रवाह वित्त आयोगाचा आहे. केंद्राच्या वाटणीयोग्य करांतला हिस्सा राज्यांमध्ये कसा वाटायचा, हे वित्त आयोग सूत्राने ठरवतो. चौदाव्या आयोगाने पहिल्यांदा या सूत्रात वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला, आणि पंधराव्या आयोगाने वन व परिस्थितिकी या नावाने तो १० टक्के केला. राज्यांना एकूण ४१ टक्के हिस्सा मिळत असल्याने, त्यातला दहावा भाग घनदाट जंगलाच्या प्रमाणात वाटला गेला. यामागचा विचार योग्यच आहे: जंगल राखणाऱ्या राज्याला ती जमीन शेती किंवा उद्योगासाठी वापरता येत नाही, मग देशाने त्याची थोडी भरपाई करावी.

पण करांतला हा हिस्सा राज्याला विनाअट मिळतो. जंगलाच्या निकषावर आलेला रुपया मुंबईतल्या उड्डाणपुलावरही खर्च होऊ शकतो, आणि त्यात बेकायदा काहीच नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या भूभागाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनांखाली आहे, म्हणून महाराष्ट्राच्या वाट्यात या जिल्ह्याचे योगदान मोठे. तरी जंगल राखणाऱ्या ग्रामसभेला त्या योगदानापोटी काही मिळावे, असे सूत्र राज्याने आपल्या पातळीवर केलेले नाही. केंद्र आणि राज्य यांच्यात जो न्याय लागू झाला, तो राज्य आणि गाव यांच्यात लागू करायला घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याच्या वित्त विभागाची इच्छा पुरते.

हे अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. राज्यातली आदिवासी लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे ९ टक्क्यांच्या किंचित वर. सुखटणकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून राज्य आपल्या योजनेतला तेवढ्याच प्रमाणातला निधी आदिवासी उपयोजनेसाठी वेगळा ठेवू लागले. पूर्वी प्रत्येक खाते आपापल्या योजनांवर ‘आदिवासी’ असा शिक्का मारून निधी दाखवत असे. नव्या पद्धतीत रक्कम आधी बाजूला काढली जाते आणि मग तिच्यातून काय करायचे ते आदिवासी विकास विभाग ठरवतो. २०१५ साली याच्या पुढचे पाऊल पडले. या उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला, आणि पायाभूत सोयी, वन हक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण आणि वनसंवर्धन व वनाधारित उपजीविका या विषयांवर तो कसा खर्चायचा, हे ग्रामसभांनी ठरवायचे असे ठरले. खर्चाचे आराखडे अनेक ठिकाणी अजूनही ग्रामसेवकाच्या टेबलावर तयार होतात, पण थेट निधी देता येतो हे सिद्ध झाले आहे.

बाजारातली जोखीम कोणी पेलायची

ग्रामसभा मालक झाली, म्हणजे तोट्याचीही मालक झाली. शासन लिलाव करत असताना ठेकेदाराने पैसे बुडवले, तर वसुलीसाठी शासनाची सगळी ताकद मागे असे. ग्रामसभेचा करार बऱ्याचदा साध्या मुद्रांक कागदावर असतो. ठेकेदार पहिला हप्ता देतो, पाने उचलतो, आणि पावसाळ्यानंतर भाव पडल्याचे सांगून उरलेले पैसे लांबवतो. असे प्रकार पूर्व विदर्भात अनेकदा घडले आहेत. शिवाय पाने तोडताना मजुरी रोज द्यावी लागते, साठवायला गोदाम लागते, आणि हंगाम संपल्यावर थांबून चांगल्या भावाला विकायचे तर खेळते भांडवल लागते. बँका ग्रामसभेला कर्ज द्यायला धजत नाहीत, कारण सामूहिक हक्काचे जंगल गहाण ठेवता येत नाही, आणि ते ठेवता येऊ नये हेही बरोबरच आहे.

केंद्राने २०१३-१४ साली गौण वनोपजेसाठी किमान आधारभूत किंमत योजना सुरू केली. आता तिच्या यादीत ८७ वस्तू आहेत, आणि २०२० साली सुक्या मोहफुलाची किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये झाली. किंमत जाहीर करणे सोपे असते. ती खरी ठरायला आठवडी बाजारात शासनाच्या वतीने खरेदी करणारा माणूस, काटा आणि रोकड हजर असावी लागते. ते नसेल तर मोहफूल नेहमीच्याच व्यापाऱ्याला नेहमीच्याच दराने जाते. मोहफुलांच्या बाबतीत तर महाराष्ट्रात आणखी विचित्र स्थिती होती. एकीकडे वनोपज म्हणून हक्क, आणि दुसरीकडे दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवर निर्बंध. ते राज्याने २०२१ साली शिथिल केले.

कर हा या हिशेबाचा शेवटचा भाग. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के दर लागला. कर खरेदीदार भरतो, म्हणून तो गावावर पडत नाही, असे कागदोपत्री दिसते. पण बिडी कारखानदाराला एक गोणी किती रुपयांना परवडते हे ठरलेले असते. त्यातून कराचा भाग आधी वजा होतो आणि उरलेल्यातून बोली लागते. रॉयल्टी हीच बोलीतली सर्वांत लवचीक बाब असल्याने कपात तिच्यातूनच निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तेंदूपत्त्यावरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. वरच्या काल्पनिक उदाहरणात, १०,००० रुपयांच्या गोणीवर व्यापाऱ्याचा कर १,८०० रुपयांऐवजी ५०० रुपये होतो. गोणीमागे १,३०० रुपये आणि २०० गोण्यांमागे २ लाख ६० हजार रुपये मोकळे होतात. त्या रकमेतली किती गावाच्या रॉयल्टीत उतरते आणि किती ठेकेदाराकडे राहते, हे तपासण्यासाठी महाग्रामसभांनी दरकपातीपूर्वीच्या आणि नंतरच्या हंगामांचे करार शेजारी ठेवून गोणीचा दर ताडून पाहावा, आणि पुढच्या लिलावाच्या जाहिरातीत किमान बोलीचा आकडा त्या हिशेबाने वर न्यावा.